मोर्चातला फलक कोणी रंगवला?

शांतता चळवळीवरचा माहितीपट पाहताना आपले लक्ष माणसांच्या बोलण्याकडे असते. कोण काय म्हणाले, पोलीस कधी आले, किती जणांना अटक झाली, शेवटी सरकार नमले की नाही. त्या माणसांच्या हातातले फलक, छातीवरचे बिल्ले, कुंपणाला बांधलेले कापड हे सगळे मागच्या मागे निघून जाते. ग्राफिक डिझाइनवरच्या माहितीपटात नेमके उलटे घडते. तिथे अक्षराची प्रत्येक गोलाई दिसते, रंगांवर चर्चा होते, पण ते अक्षर पुढे कोणाच्या हातात गेले आणि कुठल्या रस्त्यावर मिरवले याचा बहुतेक वेळा पत्ता लागत नाही. म्हणून उपयोजित कलेचे विद्यार्थी असोत, चळवळीतले कार्यकर्ते असोत की फिल्म सोसायटी चालवणारी मंडळी, सगळ्यांना माझे एकच सांगणे असते : हे दोन्ही प्रकारचे माहितीपट जोडीने पाहा. चळवळीच्या चित्रपटात काढणारा हात सापडत नाही आणि डिझाइनच्या चित्रपटात गर्दी सापडत नाही. दोन्ही शेजारी ठेवले की गोष्ट पुरी व्हायला लागते.

सुरुवातीला ‘मार्च टू आल्डरमास्टन’ हा १९५९चा कृष्णधवल माहितीपट घ्या. लांबी जेमतेम अर्धा तास. १९५८च्या ईस्टरमध्ये, ४ ते ७ एप्रिल असे चार दिवस, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून निघालेले लोक बर्कशायरमधल्या आल्डरमास्टनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रापर्यंत चालत गेले. अंतर सुमारे ८३ किलोमीटर. चित्रपट व्यवसायातल्या काही जणांनी एकत्र येऊन, पदरमोड करून या मोर्चाचे चित्रण केले. दिग्दर्शक लिंडसे अँडरसन त्यांच्यात होते. निवेदनाला आवाज आहे रिचर्ड बर्टन यांचा, आणि तो आवाज इतका भारदस्त आहे की पहिल्या खेपेला तुम्ही त्याच्याच मागे जाल. जा. पहिल्यांदा चित्रपट सलग पाहावा, मध्ये थांबवू नये, वही उघडू नये. कडाक्याची थंडी, भिजलेले कोट, बाबागाडीतली मुले, वाजंत्री, सूप पिणारी म्हातारी माणसे, हे सगळे मनात उतरू द्यावे.

दुसऱ्यांदा मात्र आवाज पूर्ण बंद करा. बर्टन गप्प झाले की काठीवर लावलेले गोल फलक एकदम पुढे येतात. त्यांच्यावर अक्षर नाही. एक वर्तुळ, त्यात एक उभी रेघ, आणि मध्यावरून खाली उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा. आज टी-शर्टवर आणि कानातल्यांत दिसणारे शांततेचे चिन्ह लोकांनी पहिल्यांदा रस्त्यावर उचलले ते याच मोर्चात. ते काढले जेराल्ड होल्टम यांनी. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेले, दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सैन्यात जायला नकार दिलेले आणि त्या काळात नॉरफोकमध्ये शेतावर राबलेले असे हे गृहस्थ. २१ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांनी मोर्चाच्या संयोजकांपुढे, म्हणजे अणुयुद्धाविरुद्धच्या थेट कृती समितीपुढे, आपली रेखाटने मांडली. झेंड्यांच्या खाणाखुणांनी संदेश देण्याची जी सेमाफोर पद्धत आहे, तिच्यातली दोन अक्षरे त्यांनी एकावर एक ठेवली होती. दोन्ही हात तिरपे खाली धरले की एन, एक हात सरळ वर आणि एक सरळ खाली धरला की डी. अण्वस्त्रत्याग या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे.

पण होल्टम यांनी नंतर एका पत्रात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि मला ती झेंड्यांहून महत्त्वाची वाटते. ते तेव्हा खोल निराशेत होते. त्यांनी स्वतःलाच रेखाटले, हात खाली पसरून तळवे बाहेर केलेला एक हताश माणूस. गोळीबारासमोर उभ्या असलेल्या, चित्रकार गोयाच्या शेतकऱ्याची आठवण त्यांच्या मनात होती. मग त्या आकृतीची रेघ झाली आणि भोवती वर्तुळ आले. चिन्हामागे असा एक माणूस उभा आहे हे कळल्यावर चित्रपटातली ती काठ्यांवरची वर्तुळे वेगळी दिसू लागतात. पुढच्या आयुष्यात त्यांना वाटू लागले की ते तिरपे हात वर जायला हवेत. झेंड्यांच्या भाषेत तसे केले की यू हे अक्षर होते, म्हणजे एकतर्फी शस्त्रत्यागाचे आद्याक्षर. जगाने मात्र खाली आलेले हातच ठेवले.

इथे एक सराव करून पाहण्यासारखा आहे. त्या मोर्चासाठी असे ५०० फलक बनवले होते. निम्मे पांढऱ्यावर काळे, निम्मे हिरव्यावर पांढरे. चर्चमध्ये ईस्टरला जसे वस्त्रांचे रंग बदलतात, तसे गुड फ्रायडेला आणि शनिवारी काळे-पांढरे फलक, रविवारी आणि सोमवारी हिरवे-पांढरे, अशी होल्टम यांची योजना होती. मरणाकडून जीवनाकडे, हिवाळ्याकडून वसंताकडे. आता चित्रपट कृष्णधवल आहे, हिरवा रंग त्यात करडा दिसणार. तरीही एक खूण उरते : पहिल्या दोन दिवशी उजळ पृष्ठावर गडद रेघा हव्यात, शेवटच्या दोन दिवशी गडद पृष्ठावर उजळ रेघा. चित्रपट थांबवत थांबवत हे तपासा. कुठले दृश्य कुठल्या दिवशीचे असावे, संकलकाने दिवसांचा क्रम पाळला आहे का, हे केवळ फलकांवरून ताडता येते का ते पाहा. माहितीपट म्हणजे घडले तसे, ही आपली समजूत असते. संकलन म्हणजे काय ते या एका सरावात हाताला लागते.

आणखी एक वस्तू लक्षात ठेवा, बिल्ला. एरिक ऑस्टिन यांनी या चिन्हाचे पहिले बिल्ले पांढऱ्या मातीचे घडवले, भाजले आणि त्यावर काळ्या रंगात चिन्ह रंगवले. बिल्ल्यासोबत एक चिठ्ठी दिली जाई : अणुयुद्ध झालेच तर त्या आगीतून टिकून राहणाऱ्या मोजक्या मानवी वस्तूंत हा बिल्ला असेल. पत्र्याचा बिल्ला स्वस्त पडला असता. माती निवडली ती काही सांगायचे होते म्हणून. कुठल्याही चळवळीचा माहितीपट पाहताना हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा : ही वस्तू कशाची बनली आहे, आणि दुसऱ्या कशाची बनली असती तर तिचे बोलणे बदलले असते का?

याच्या जोडीला डिझाइनच्या बाजूने गॅरी हस्टविट यांचा ‘हेल्वेटिका’ (२००७) पाहा. एका टाइपफेसवर ऐंशी मिनिटांचा चित्रपट निघू शकतो आणि तो कंटाळवाणा होत नाही, याचे श्रेय त्यात बोलणाऱ्या माणसांना. हेल्वेटिका हे अक्षर १९५७ साली स्वित्झर्लंडच्या हास टाइप फाउंड्रीत तयार झाले, मॅक्स मीडिंगर आणि एडुआर्ड हॉफमन यांच्या हातून. पन्नाशीच्या निमित्ताने हा चित्रपट आला. डिझायनरांपैकी मासिमो विन्येली त्याची बाजू घेतात, एरिक श्पीकरमन त्याच्यावर तुटून पडतात. तुम्ही थांबायचे ते पॉला शेर यांच्यापाशी. त्या सांगतात, तरुणपणी हेल्वेटिकाला त्यांचा नैतिक विरोध होता, कारण ज्या बड्या कंपन्या ते अक्षर वापरत त्या त्यांना व्हिएतनाम युद्धाच्या पाठीराख्या वाटत. अक्षरावर युद्धाचा आरोप! वाक्य ऐकून प्रेक्षक हसतात. पण शेर मनापासून बोलत आहेत आणि त्यांचे म्हणणे मनापासूनच ऐकले पाहिजे.

मला त्यांचे पूर्ण पटत नाही, आणि त्याचे कारण केन गारलंड. या ब्रिटिश डिझायनरने १९६२ ते १९६८ या काळात ब्रिटनच्या अण्वस्त्रविरोधी मोहिमेसाठी भित्तिपत्रके केली आणि होल्टम यांचे चिन्ह ठसठशीत करून वापरले. त्याच्या कामातही तशीच साधी, बिनशेपटीची, जाड अक्षरे आहेत. म्हणजे एकाच घराण्याची अक्षरे एकीकडे कंपन्यांच्या दारावर आणि दुसरीकडे बॉम्बविरोधी मोर्चात. याच गारलंड यांनी १९६४ साली वीसेक सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी एक जाहीरनामा छापला. डिझायनरची बुद्धी मांजराचे खाणे आणि टूथपेस्ट विकण्यात खर्ची पडते आहे, ती रस्त्यावरच्या खुणा, पाठ्यपुस्तके, शिक्षणाची साधने अशा टिकाऊ कामांकडे वळली पाहिजे, अशी त्याची मागणी होती. ‘हेल्वेटिका’ पाहून झाल्यावर हा जाहीरनामा मिळवून वाचा. दोन पानांचासुद्धा नाही. शेर अक्षराला जबाबदार धरतात, गारलंड अक्षर वापरणाऱ्याला. तुमच्या गटात कोण कोणाच्या बाजूने बोलतो ते पाहण्यात संध्याकाळ सत्कारणी लागेल.

मालकी हा असाच एक प्रश्न आहे, जो दोन चित्रपट शेजारी ठेवल्याशिवाय सुचत नाही. वेंडी कीज यांचा ‘मिल्टन ग्लेझर : टु इन्फॉर्म अँड डिलाइट’ (२००८) हा न्यूयॉर्कच्या मिल्टन ग्लेझर यांच्यावरचा माहितीपट आहे. त्यांनी टॅक्सीत बसून लाल खडूने पाकिटावर ते लाल बदाम असलेले न्यूयॉर्कप्रेमाचे चिन्ह काढले आणि न्यूयॉर्क राज्यासाठी मोबदला न घेता दिले. आज ते नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे आणि त्याच्या वापरासाठी राज्याची परवानगी लागते. होल्टम यांच्या चिन्हावर मात्र कोणी कधी हक्क राखलाच नाही. ज्याला हवे त्याने काढावे. त्यामुळे ते जगभर गेले आणि त्याचमुळे ते सिगारेटपासून चपलांपर्यंत कशावरही उमटू शकले. मोकळे ठेवावे की जपावे? चळवळीसाठी चिन्ह बनवणाऱ्या प्रत्येकाला हे आधी ठरवावे लागते, आणि ठरवले नाही तर दुसरे कोणी तरी ठरवते.

बेयर्ड रस्टिन या माणसाची गाठ तुम्हाला आल्डरमास्टनच्या गोष्टीतच पडली असती. अमेरिकेतले हे शांततावादी कृष्णवर्णीय नेते १९५८मध्ये ट्रफाल्गर चौकात त्या मोर्चापुढे बोलले होते. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिल्याबद्दल ते दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते, आणि गांधीजींच्या हत्येच्या वर्षीच, १९४८ साली, भारतात येऊन गेले होते. ‘ब्रदर आउटसायडर’ (२००३) हा नॅन्सी केट्स आणि बेनेट सिंगर यांचा माहितीपट त्यांच्यावर आहे. नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाची सगळी जुळवाजुळव रस्टिन यांची. या चित्रपटाला जोड द्यायची ती जेम्स ब्लू यांच्या ‘द मार्च’ (१९६४) या अर्ध्या तासाच्या चित्रपटाची. अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याने तो परदेशी प्रेक्षकांसाठी काढला होता आणि कायद्यामुळे खुद्द अमेरिकेत तो १९९०पर्यंत दाखवता येत नव्हता. दोन्हींत फलकांकडे पाहा. अक्षरे छापील, आकार सारखे, मजकूर मोजका. संयोजकांनी घोषणा आधी मंजूर केल्या होत्या, वाटेल ते लिहून आणायला मुभा नव्हती. आल्डरमास्टनच्या एका चिन्हापेक्षा हे वेगळे शिस्तीचे डिझाइन आहे. लाखोंच्या गर्दीत कॅमेरा कुठेही वळला तरी त्याला तीच मागणी वाचायला मिळावी, हा त्यामागचा विचार आहे.

शिस्तीनंतर थोडे रंग हवेत. पेद्रो कोस यांचा ‘रेबेल हार्ट्स’ (२०२१) हा लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट जोगिणींवरचा माहितीपट आहे आणि त्यात सिस्टर कोरिटा केंट भेटतात. १९६२ साली अँडी वॉरहॉलच्या सुपाच्या डब्यांचे प्रदर्शन त्यांच्याच शहरात भरले होते. ते पाहून त्यांनी सुपरमार्केटच्या जाहिरातींतली अक्षरे उचलली, मोडली, उलटी केली, आणि त्यांतून भूक, वंशभेद, व्हिएतनाम युद्ध यांच्यावर बोलणारी चित्रे छापली. छपाई सिल्क स्क्रीनची. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि दुकानाच्या पिशव्या ज्या स्क्रीन प्रिंटिंगवर निघतात, तीच ही पद्धत : लाकडी चौकट, ताणलेले कापड, रबरी पट्टी आणि शाई. कोरिटा यांना ती आवडली कारण ती स्वस्त होती आणि एका चित्राच्या पुष्कळ प्रती निघत. १९६८मध्ये त्यांनी मठ सोडला. चित्रपट मुख्यतः जोगिणींनी चर्चच्या अधिकाऱ्यांशी केलेल्या झगड्याचा आहे, डिझाइन त्यात अधूनमधून येते. त्यामुळे जिथे छपाई दिसेल तिथे थांबा आणि चित्रातला मजकूर शेवटपर्यंत वाचा. मोठ्या अक्षरांच्या पोटात बारीक हस्ताक्षर असते. पडद्यावर ते दोन सेकंद टिकते, थांबवल्याशिवाय हाती लागत नाही.

स्वस्त छपाईचाच दुसरा धागा ‘सर! नो सर!’ (२००५) या डेव्हिड झायगर यांच्या माहितीपटात आहे. व्हिएतनामच्या काळात अमेरिकी सैन्याच्या आतच युद्धाविरुद्ध असंतोष उठला, आणि सैनिकांनी छावण्यांत चोरून वृत्तपत्रे काढली. सायक्लोस्टाइलवर काढलेली, टंकलेखन यंत्राची अक्षरे, हाताने काढलेली व्यंगचित्रे. आपल्याकडची पहिली लघुनियतकालिके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना तो शाईचा वास लगेच आठवेल. सुंदर मांडणीची इथे अपेक्षाच नाही. पान पकडले गेले तर शिक्षा, म्हणून ते लहान, घडी घालता येण्यासारखे, झटपट वाटता येण्यासारखे. या चित्रपटाने मला डिझाइनबद्दल जे शिकवले ते पुष्कळ देखण्या चित्रपटांनी शिकवले नाही.

छायाचित्र वापरलेल्या भित्तिपत्रकांबद्दल मात्र सावध राहा. माय लाय गावात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली. सैन्याचेच छायाचित्रकार रॉन हेबर्ली यांनी काढलेल्या प्रेतांच्या छायाचित्रावर १९६९ साली न्यूयॉर्कच्या कलाकारांच्या एका आघाडीने लाल अक्षरे छापली. त्यातला मजकूर एका सैनिकाच्या दूरचित्रवाणी मुलाखतीतला आहे, तान्ह्या मुलांबद्दलचा दोन शब्दांचा प्रश्न आणि त्याच दोन शब्दांचे उत्तर. आधी सोबत असलेल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ऐनवेळी हात काढून घेतला, तरी ५०,००० प्रती निघाल्या. व्हिएतनामवरच्या माहितीपटांत हे पत्रक किंवा त्यामागचे छायाचित्र तुमच्यासमोर येईल. गटात दाखवत असाल तर आधी सांगा, लहान मुले असतील तर हा भाग टाळा. आणि पाहून झाल्यावर एका गोष्टीवर नक्की बोला : मेलेल्या माणसांची परवानगी न घेता त्यांचे चित्र भिंतीवर लावणे केव्हा रास्त ठरते? मला हे पत्रक आवश्यक वाटते. पण ज्यांना ते पाहवत नाही त्यांचे म्हणणेही मी खोडून काढू शकत नाही.

छापील काहीच नसलेले डिझाइन पाहायचे तर ग्रीनहॅम कॉमनला जा. सप्टेंबर १९८१मध्ये वेल्समधल्या कार्डिफहून चालत आलेल्या बायकांनी या हवाई तळाच्या दारात मुक्काम ठोकला, कारण तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे येणार होती. छावणी उठली ती २००० साली. डिसेंबर १९८२मध्ये सुमारे ३०,००० बायकांनी हातात हात धरून तळाचे नऊ मैलांचे कुंपण वेढले आणि त्यावर मुलांचे कपडे, छायाचित्रे, लोकरीची कोळ्याची जाळी बांधली. कोळ्याचे जाळे हे त्यांचे चिन्ह झाले. बीबन किड्रन आणि अमांडा रिचर्डसन या तेव्हाच्या चित्रपट-विद्यार्थिनींनी छावणीत राहून ‘कॅरी ग्रीनहॅम होम’ (१९८३) केला. ब्रायर मार्च यांचा ‘मदर्स ऑफ द रेव्होल्यूशन’ (२०२१) त्याच घटनेकडे चार दशकांनी मागे वळून पाहतो. दोन्ही पाहणार असाल तर आधी जुना पाहा. त्यात कुंपणावरच्या वस्तू कोणी समजावून सांगत नाही, त्या फक्त असतात, चिखलात आणि पावसात.

युद्धाच्या बाजूचे डिझाइन पाहिल्याशिवाय हा अभ्यास अर्धाच राहतो. ‘द ॲटॉमिक कॅफे’ (१९८२) हा चित्रपट पूर्णपणे जुन्या सरकारी फिती, वार्तापट आणि जाहिराती यांच्या तुकड्यांनी बनला आहे, निवेदकाचे एक वाक्यही नाही. बॉम्ब पडला तर बाकाखाली लपा, असे मुलांना शिकवणारे गोड कासव त्यात आहे. ते कासव चांगल्या हाताने काढले आहे, हे मान्य करावे लागते. पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’ ब्रिटनवरच्या अणुहल्ल्याची कल्पना बातमीपटाच्या शैलीत मांडतो. बीबीसीसाठी तयार होऊनही १९८५पर्यंत तो तिथे दाखवला गेला नाही, पण माहितीपटाचे ऑस्कर मात्र त्याला मिळाले. तो सगळा अभिनित आहे, हे गटाला आधीच सांगून ठेवा.

आपल्या सर्वांत जवळचा चित्रपट मुंबईच्या आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ (२००२). मे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर त्यांनी भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका अशा चार देशांत हे चित्रण केले. सेन्सॉर मंडळाने काटछाट सुचवली, पटवर्धन न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली तो न कापता दाखवू दिला. पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लांबी दोन तासांहून जास्त आहे, म्हणून दोन बैठकांत पाहायला हरकत नाही. चाचणीनंतरचा जल्लोष, पोखरणजवळचे गावकरी, लाहोरच्या शाळकरी मुलींची वादविवाद स्पर्धा, हिरोशिमातून वाचलेली माणसे, वॉशिंग्टनच्या संग्रहालयात बॉम्बफेकी विमानाच्या प्रदर्शनावरून झालेला वाद, असे पुष्कळ काही त्यात आहे. यात लिप्यांकडे लक्ष द्या. देवनागरी, उर्दूची नस्तालीक, जपानी, रोमन. फलक कुठल्या लिपीत आहे यावरून तो कोणाशी बोलतो आहे हे कळते : गल्लीतल्या शेजाऱ्याशी, दिल्लीच्या मंत्र्याशी, की परदेशी कॅमेऱ्याशी. आणि त्या संग्रहालयाच्या प्रसंगात प्रदर्शन हेही डिझाइनच असते हे दिसते. कुठली वस्तू ठेवायची, शेजारी काय लिहायचे, काय लिहायचे नाही, यावर एवढे रान उठले.

जपानी फलक दिसल्यावर थोडे पुढे जाऊन दोन भित्तिपत्रके शोधून पाहावीत. युसाकू कामेकुरा यांनी १९८३ साली हिरोशिमासाठी केलेले जळत कोसळणाऱ्या फुलपाखरांचे, आणि शिगेओ फुकुदा यांचे १९७५चे, ज्यात तोफेचा गोळा उलटा वळून नळीतच परत चालला आहे. दोन्हींत रक्त नाही, प्रेत नाही. माय लायच्या पत्रकाशेजारी ही ठेवून पाहा, मघाच्या वादाला नवे पाय फुटतील.

आता प्रत्यक्ष बैठकीबद्दल. गट आठ-दहा जणांचा असावा. मोठ्या गटात चित्रपट थांबवता येत नाही आणि थांबवल्याशिवाय हा अभ्यास होत नाही. एका बैठकीत एकच जोडी घ्या आणि आधी चळवळीचा चित्रपट लावा, नंतर डिझाइनचा. उलट क्रमाने पाहिले की लोक मोर्चाला गुण द्यायला लागतात, हे अक्षर चांगले, ते वाईट. वहीत फार लिहू नका. प्रत्येकाने एकच फलक निवडावा आणि त्याच्याबद्दल पाच गोष्टी टिपाव्यात : कशाचा आहे, किती अंतरावरून वाचता येतो, हाताने केला की छापला, धरणारा कोण आहे, आणि कॅमेऱ्याने तो किती वेळ दाखवला. शेवटची गोष्ट दिग्दर्शकाबद्दल सांगते, म्हणून ती सोडू नका.

त्यानंतर अर्ध्या कार्डशीटवर प्रत्येकाने एक फलक करावा. पाट्या रंगवणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब चालतो : दहा फुटांवरून वाचायचे तर अक्षर एक इंच उंच, म्हणजे तीस फुटांसाठी तीन इंच. हा हिशेब रोमन अक्षरांचा आहे. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे, त्यामुळे मूळ अक्षराला तीन इंच द्यायचे तर ओळीला पाच इंच तरी सोडावे लागतात, आणि ‘निःशस्त्रीकरण’ असा शब्द घेतलात तर कागद तिथेच संपतो. चार शब्दांच्या वर जाऊ नका. फलक झाला की भिंतीला लावा, तीस फूट मागे जा आणि ज्याने तो पाहिलेला नाही अशा कोणाला तरी वाचायला सांगा. दोन सेकंदांत वाचता आला नाही तर मजकूर कापा, अक्षर बारीक करू नका.

चित्रपटात कळलेली प्रत्येक गोष्ट खरी धरू नका, विशेषतः चिन्हांच्या उगमाबद्दलची. होल्टम यांच्या चिन्हाला कोणी मोडका क्रूस म्हणते, कोणी सैतानी खूण ठरवते, आणि हे मजकूर आजही फिरत असतात. त्यांची मूळ रेखाटने ब्रॅडफर्डमध्ये जपलेली आहेत. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, इम्पीरियल वॉर म्यूझियम आणि वॉशिंग्टनचे लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संग्रहांतली युद्ध-शांततेची भित्तिपत्रके घरबसल्या पाहता येतात. पडद्यावर दोन सेकंद दिसलेले पत्रक तिथे सालासकट आणि मापासकट सापडले की ते हाती आल्यासारखे वाटते.

हे चित्रपट मिळवायचे कसे? यांतले बरेचसे दिग्दर्शकांच्या किंवा वितरकांच्या संकेतस्थळांवर विकत वा भाड्याने मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर कॅनोपी ही सेवा बहुधा फुकट मिळते, तिच्यात असे माहितीपट पुष्कळ असतात. मुंबईत दर दोन वर्षांनी मिफ हा माहितीपटांचा महोत्सव भरतो, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय संदर्भांसाठी उपयोगी आहे. घरी चारजणांनी पाहणे निराळे आणि सभागृहात लोकांना दाखवणे निराळे. जाहीर खेळासाठी दिग्दर्शकाची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते. पत्रात संस्थेचे नाव, सभागृहाची आसनसंख्या, तिकीट आहे की नाही, आणि मराठी उपशीर्षके तुम्ही करणार असाल तर तसे, एवढे स्पष्ट लिहा. छोट्या संस्थांना स्वतंत्र माहितीपटकार बहुधा कमी शुल्कात परवानगी देतात, विचारायला संकोच करू नका. पत्र महिनाभर आधी गेले पाहिजे, आणि उत्तर हाती आल्याखेरीज निमंत्रणपत्रिका छापायला टाकू नये.